चिचटोल्याची काडी

चिचटोला, ता. देवरी
२० नोव्हेंबर २०११

रुख्माताई,

मुकादमाकडून खम्ममचा पत्ता मिळवला आणि हे लिहायला बसले. फोन तू उचलत नाहीस. चिठ्ठी फाडशील तर फाडशील, पण फाडायच्या आधी एकदा तरी डोळ्यांखालून जाईल.

इकडे सगळं ठीक आहे. धान घरी आलं. आपलं अगरबत्तीच्या काड्यांचं केंद्र दिवाळीपासून बंद ठेवलंय, पण बंद म्हणजे कायमचं नाही, एवढं मनात ठेव. मी शेड झाडून घेतली, सुऱ्या तेल लावून टांगून ठेवल्या. धुरपताबाई अजून सकाळी येते. कुलूप दिसतं तरी पायरीवर बसते आणि विचारते, "चंचलबाई, बांबू कई येते वो?" मी सांगते, येईल.

तू बसमध्ये चढताना मला "मॅडम" म्हणालीस. केंद्र सुरू झाल्यापासून सहा वर्षांत तुझ्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता. हायवेवर एवढ्या बायांसमोर म्हणालीस, "मॅडमले निरोप देऊन झाला, चला." मी तशीच उभी राहिले. बस छत्तीसगडकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

तुझं म्हणणं, ईश्वरदास शेठनी आपली काडी घेणं थांबवलं तरी मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. उघडलं होतं, ताई. ऑगस्टमध्ये त्यांनी मला गोंदियाच्या कारखान्यात बोलावलं, तेव्हा मला वाटलं मालाबद्दल काही तक्रार असेल. ते मला आत घेऊन गेले. अगरबत्तीची नवी मशीन आली होती. बाया नाहीत, पाट नाहीत. एक पोरगा बसलेला, आणि मशीन खटखट अगरबत्त्या थुंकत होती. शेठनी आपल्या काड्यांची एक मूठ उचलून तिच्यात टाकली. चार-पाच गेल्या आणि मशीन अडली. मग त्यांनी दुसऱ्या खोक्यातल्या काड्या टाकल्या. पांढऱ्या, गोल, एकीसारखी दुसरी. मशीन थांबेचना.

"ये व्हिएतनाम की है," ते म्हणाले. "जहाज़ से विशाखापट्टनम, वहाँ से ट्रक. फिर भी आपकी काड़ी से सस्ती. सरकार ने उन देशों से क़रार किया, टैक्स घट गया. मैं क्या करूँ, चंचलजी?"

मी म्हणाले, आमच्या अडतीस बाया आहेत. ते म्हणाले, मालूम है. मी म्हणाले, हातानं वळणारे लोक अजून आहेत, त्यांना आमची चौकोनी काडी चालते. ते म्हणाले, साल-दो साल. आणखी काय बोलायचं होतं मी?

ती मूठभर काडी मी गावात आणली, तीच माझी चूक झाली बहुतेक. तू एक काडी बोटांत धरून वाकवलीस आणि म्हणालीस, "हिले तं बांबूचा वासच नाई." सगळ्या हसल्या.  तू म्हणालीस, आपण गोल काडीची मशीन घेऊ, आपणच विकू, गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव फिरू. मी म्हणाले, थोडं थांब. तू थांबली नाहीस. अकरा जणींना घेऊन मिरची तोडायला निघून गेलीस.

मिरचीनं हात जळतात म्हणतात. खोबऱ्याचं तेल लावत जा. गोवर्धन भाऊजींना नमस्कार. हंगाम संपला की ये. तोवर मी काहीतरी करून ठेवते.

तुझीच
चंचल


देवरी
१६ जानेवारी २०१२

रुख्माताई,

काल संक्रांत झाली. वाण द्यायला मी चिचटोल्याला, आपल्या टोल्यावर गेले होते. तुझ्या सासूला दिलं. त्यांनी घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

भुवनेश्वरच्या शाळेला यंदाही अनुदान नाही. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून शिकवायला जातो, संध्याकाळी येऊन तोच शर्ट खुंटीला अडकवतो.  लग्न झाल्यापासून घरात मी बोलते आणि तो ऐकतो. आजकाल मीही कमी बोलते.

शेठनी मला एक काम देऊ केलंय. गोंदियाला. आलेल्या मालाची तपासणी करायची आणि तो पुढे वाटायचा. ज्या लहान लहान ठिकाणी अजून हातानं अगरबत्ती वळतात, बालाघाटकडे, राजनांदगावकडे, तिथंही आता तीच काडी जाते. शेठ म्हणाले, काडी ओळखणारा माणूस पाहिजे, आणि तुमच्याइतकी काडी कोणाला कळते? हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी हो म्हणाले. एक तारखेपासून.

तुला वाटेल, चंचल त्यांच्या बाजूला गेली. बाजू वगैरे काही नाही ताई. मी तिथं असले तर उद्या आपल्यासाठी एखादं काम तरी काढता येईल. बाहेर राहून काय येणार होतं हाती? भुवनेश्वरला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी घे. पण बाजूचं मला कशाला सांगतेस? रुख्माला सांग." म्हणून सांगते आहे.

शेडची काळजी करू नको. भक्कम कुलूप घातलंय. आत सगळं कोरडं आहे, उंदीर नाहीत. पावसाळ्याआधी पत्र्याचं एक छिद्र बुजवून घेणार आहे.

तिळगूळ पाठवता येत नाही पोस्टानं, मुंग्या लागतात. आलीस की घे.

चंचल


गोंदिया
३ जून २०१२

रुख्माताई,

बाया परत आल्या. तू आली नाहीस. तुला तिथं मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं, असं त्या म्हणाल्या. मिरची तिथून बोटीनं परदेशात जाते म्हणे. तू देठ खुडतेस आणि खोकतेस, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, आपणहून नाही.

आणि तुझं कार्डही मिळालं. दोनच शब्द. "शेड कोणाची?"

म्हणजे कोणीतरी तुला कळवलंय. मग मी आता आडपडदा कशाला ठेवू? संक्रांतीच्या पत्रात मी लिहिलं होतं, आत सगळं कोरडं आहे. कोरडं ठेवावं असं आत काहीतरी होतं म्हणून तसं लिहिलं. शेठचे खोके होते. त्यांना हायवेजवळ गोडाऊन पाहिजे होतं, रायपूरकडे माल पाठवायला सोयीचं. मी म्हणाले, आमची शेड रिकामी आहे. त्यांनी विचारलंही नव्हतं, मीच म्हणाले. तीन वर्षांचा कागद केला. आपल्या बचत गटाची अध्यक्ष म्हणून माझी एकटीची सही चालली. भाडं गटाच्या खात्यात जातं, कोणीही जाऊन बघावं. पण तू ते विचारलेलं नाहीस, हे मला कळतं.

परवा मी तपासणीला टोल्यावर गेले. कुलूप काढलं तेव्हा धुरपताबाई मागेच होती.

"हे खोके कोनाचे, चंचलबाई?"

"शेठचे."

"आन हे इटा कोनाच्या डोक्यावरून आल्या होत्या?"

 ती आत गेली. तुम्ही भिंतीकडे पाय पसरून ओळीनं बसायचात, तिथं आता छतापर्यंत खोके आहेत. दाराजवळ थोडी जागा उरली आहे. तिथं ती बसली. बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

समुद्रावरून येताना काही खोक्यांना ओल लागते, काड्यांवर बुरशी धरते. त्या उन्हात पसरून, झटकून, पुन्हा बांधाव्या लागतात. शेठ म्हणाले, तिथल्याच बाया लावा. मी लावल्या. आठ जणी येतात. ज्या काडी काढायच्या, त्या आता काडी वाळवतात. बसायची जागा, हात, गप्पा सगळं तेच. पण कोणी माझ्याकडे बघून बोलत नाही. मी गेले की गप्पा थांबतात.

एक सांगायचं होतं. धुरपताबाईनं एक गड्डी सोडली तर रबरात एक लांब केस गुंडाळलेला निघाला. काळाभोर, कंबरेएवढा. तिनं तो बोटावर घेऊन उन्हात धरला.

"हे बी बाईच काढते का वो?"

मी म्हणाले, असेल.

"मंग तिले का भेटत असन?"

मला माहीत नव्हतं. खोक्याची किंमत मला पैशापर्यंत पाठ आहे, पण तिला किती मिळतं ते माहीत नव्हतं. धुरपताबाईनं केस फेकला नाही. दाराच्या फटीत खोचून ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

तुझ्या दोन शब्दांना उत्तर असं आहे की शेड गटाची आहे. पण ती माझ्या सहीनं गेली. ये आणि भांड माझ्याशी.

चंचल


गोंदिया
९ डिसेंबर २०१२

रुख्माताई,

तुझं पुढचं काहीच आलं नाही. तरी लिहिते आहे, कारण जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. भुवनेश्वरला मी सांगितलं ते निम्मंच.

मी व्हिएतनामला जाऊन आले. हसू नको. देवरीची बाई, विमानात पट्टा कसा लावायचा ते शेठच्या मुलानं दाखवलं. शेठना थेट गावातून माल घ्यायचा होता, मधला दलाल टाळून. म्हणाले, चंचलजी चलें, परख इनकी है.

हनोई शहराच्या बाहेर एक गाव आहे. सगळं गाव हेच काम करतं. अंगणात, रस्त्याच्या कडेला, देवळासमोर, जिथं जागा मिळेल तिथं लाल रंगवलेल्या काड्यांच्या मोठ्या मोठ्या जुड्या उभ्या करून पसरलेल्या. आपण धान पसरतो तसं. मला पहिल्यांदा इतकं छान वाटलं की मी चालता चालता थांबले. वाटलं, रुख्माताईनं हे बघायला पाहिजे होतं.

ज्या घरी आम्ही गेलो त्या बाईचं नाव लान. माझ्याच वयाची असेल. तिनं चहा दिला, दूध न घातलेला, आणि भाजलेले शेंगदाणे. दुभाष्या होता, मोडकं हिंदी बोलायचा. तिची आई हातानं काडी काढायची, आता आई नुसती बसून असते आणि मशीन काढते. मशीन कर्जाची. बांबू आता त्यांच्याकडचाही पुरत नाही, दुसऱ्या देशातून येतो. लान म्हणाली, इंडियाची ऑर्डर वाढली तेव्हा सगळ्या गावानं मशिनी घेतल्या, आणि सगळ्यांनी घेतल्या म्हणून आता भाव पडतो. दुभाष्यानं हे सांगितलं तेव्हा शेठनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण मला कळलं काय करायचं ते.

मी एक जुडी उचलली. मधून चार काड्या ओढल्या. वाकवल्या, गालाला लावल्या, वास घेतला. तू शिकवलेलं सगळं केलं. माल चांगला होता, ताई. सकाळी धुकं पडलं होतं, त्यानं वरच्या काड्या दमट लागत होत्या, आतल्या खडखडीत होत्या. तासभर ऊन लागलं की झालं असतं. मला ते पक्कं माहीत होतं.

मी म्हणाले, "माल में नमी है."

दुभाष्यानं सांगितलं. लाननं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. काडीचं काम करणारीपासून हे लपत नाही. तिचा नवरा काहीतरी जोरात बोलला. ती उठली आणि अंगणात जाऊन जुड्या उलट्या करायला लागली, एकामागून एक. शेठनी भाव पाडून घेतला. खूप पाडला. परत येताना गाडीत त्यांनी मला काजूची पुडी दिली आणि म्हणाले, कमाल कर दी.

चिडलीस की तूसुद्धा अशीच कामाला लागायचीस. पाठ करून, एक शब्द न बोलता. मी तिची पाठ बघत होते.

शेठ आपल्याशी जे वागले ते त्यांच्या धंद्यासाठी, असं मी मनाला सांगायचे. मग मी तिथं कोणाच्या धंद्यासाठी बोलले? मला कोणी सांगितलं नव्हतं. एका नजरेवर बोलले.

धुरपताबाईला आल्यावर सांगितलं की हो, बायाच काढतात. "भेटली का तुले?" तिनं विचारलं. म्हटलं, भेटली. "मंग का मनली?" मी म्हणाले, भाषा येत नाही ना आपल्याला.

चंचल


गोंदिया
११ ऑगस्ट २०१३

रुख्माताई,

आता तू चिचटोल्यात आणि मी गोंदियात. दीड-दोन तासांची बस. खम्ममला लिहिताना तू दूर आहेस म्हणून लिहायचे. आता मला तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून लिहिते आहे.

तू मे महिन्यात परत आलीस हे मला कळलं होतं. गावाला जंगलाचा हक्क मिळाला, तेंदूपत्ता आणि बांबू आता ग्रामसभा विकणार, आणि तू त्यासाठी राब राब राबतेस, हेही कळलं होतं. जूनमध्ये ग्रामसभेचं पत्र मला आलं, शेड खाली करा, गावाचा माल ठेवायचा आहे. मी कळवलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतरही मी काही बघणार नव्हते. कागदाचं अजून दीड वर्ष बाकी होतं आणि शेठ सोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

तुम्ही शेडचं कुलूप तोडलंत त्या दिवशी मी तिथंच होते. तू मला बघितलंस की नाही माहीत नाही. माल उतरवायला आलेल्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या बाजूला. तुम्ही वीस-पंचवीस जणी आलात. तू दगडानं कुलूप तोडायला लागलीस. तीन-चार घाव पडले तरी तुटेना, मग दुसरीनं लोखंडी सब्बल आणली. चावी माझ्या पर्समध्ये होती. खिडकीतून हाक मारून चावी दिली असती तर एका मिनिटाचं काम होतं. पण दिली असती तर शेठ म्हणाले असते, तुम्ही सामील होतात. नाही दिली म्हणून पुढे सांगता येईल की मला काही माहीत नव्हतं. एवढा विचार कुलूप तुटेपर्यंत माझा करून झाला होता.

तुम्ही एकही खोका फेकला नाहीत. सगळे बाहेर आणून रचलेत आणि पावसाचे दिवस म्हणून वर ताडपत्री बांधलीत. ती ताडपत्री बांधताना तू दातात दोरी धरली होतीस. मी ड्रायव्हरला म्हणाले, चल.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. शेठ म्हणाले, रिपोर्ट लिखवाइए, नाम के साथ. मी देवरीच्या ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, नावं? मी पहिलं नाव सांगितलं, रुख्मा गोवर्धन. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही. केंद्रात हजेरी घ्यायचे तेव्हाही पहिलं तुझंच यायचं, ती सवय असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. मग धुरपताबाईचं. मग आणखी सहा. खाली सही केली आणि बसस्टँडवर येऊन चहा प्यायले. चहा गोड लागला.

तिसऱ्या दिवशी ओळख पटवायला मला बोलावलं. तुम्ही सकाळपासून बाकावर बसलेल्या होतात. धुरपताबाई पाय वर घेऊन, बाकाच्या टोकाला. साहेबांनी विचारलं, "मॅडम, ओळखता का यांना?"

मी तोंड उघडायच्या आधी तू बोललीस. "आमीच ओळखतो साहेब तिले. आमच्या गटाची अध्यक्ष हाये थे."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "कुलूप मीच तोडायला सांगितलं होतं."

मला वाटलं तू माझ्याकडे बघशील. बघितलंस, पण किती रागानं.

"खोटं नोको बोलू, चंचल. कुलूप मी तोडलं. तुह्या सांगण्यावरून काऊन तोडीन मी? शेड आमची हाये म्हनून तोडलं. तुले सांगाचं असन तं खरं थे सांग. नाई तं घरी जाय."

तुम्हाला सोडवायलासुद्धा मी खोटंच बोलले, बघ. आणि तू ते घेतलं नाहीस.

मग मी सांगितलं. शेड गटाची आहे. बायांनी विटा वाहून बांधली. भाड्यानं द्यायच्या आधी मी कोणाला विचारलं नाही. शेठच्या वतीनं दिलेली तक्रार मागे घेते. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली. तुम्ही उठलात. धुरपताबाईला उठता येईना, पाय बधिर झाले होते. मी हात पुढे केला. तिनं तुझा धरला.

चंचल


गोंदिया
१९ सप्टेंबर २०१३

रुख्माताई,

नोकरी गेली. शेठ ओरडले नाहीत. म्हणाले, "नुकसान आपने अपना किया, चंचलजी," आणि हिशेब करून दिला. मशीन चालूच आहे. जाताना कळलं की लानच्या गावाकडून माल घेणं त्यांनी बंद केलं, दुसऱ्या कुठल्या तरी गावात त्याहून स्वस्त मिळाला. म्हणजे मी तिचा भाव पाडला, आणि तो पडलेला भावसुद्धा तिला राहिला नाही.

भुवनेश्वर मला काही म्हणत नव्हता. मीच भांडण काढलं. म्हणाले, नोकरी घे तर तूच म्हणाला होतास. तो म्हणाला, "नोकरी घे म्हणालो होतो. नावं दे म्हणालो नव्हतो." नंतर त्यानंच चहा केला. पण ते वाक्य घरात राहिलं आहे.

आम्ही गोंदियाजवळ नागऱ्याला खोली घेतली, मंदिराच्या मागे, भाडं कमी आहे. मी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते.

काल धुरपताबाई आली होती. दवाखान्याचं काम काढून आली, पण काम माझ्याकडेच होतं. खोलीभर बघितलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "रुख्मानं सांगतलं, आयतवारी ग्रामसभा हाये. तुले याचं असन तं ये. पन आल्यावर समद्या बायांसमोर सांगजो, नावं कोनं देली थे. पोरी अजून समजतेत का शेठनं देली."

मी म्हणाले, "रुख्मा स्वतः का नाही आली?"

"कायले येईन?" ती म्हणाली. "थे नाई गेली तुले सोडून. तू गेली."

मग जाता जाता दारात थांबली. "बस सकारची धरजो. उन्हाच्या आधी पोचशीन."

म्हणजे धुरपताबाई सोडून तू कोणाला सांगितलं नाहीस, ताई. महिना होऊन गेला. त्या सहा जणींपैकी कोणालाच माहीत नाही की हवालदारानं वाचलेली नावं माझ्या तोंडची होती. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तू सांगितलं असतंस तर मला रागावता आलं असतं.

मी येते. सकाळच्या बसनं.

पण मला माझी भीती वाटते. मला बोलता येतं, ते तुला माहीत आहे. बोलता येतं म्हणूनच तुम्ही मला अध्यक्ष केलं होतं. उभी राहिले की मी आधी जगाचा भाव सांगेन, करार सांगेन, जहाज सांगेन, मशीन सांगेन. ते सगळं खरंच आहे, त्यातलं काही मी घडवलं नाही, आणि बाया मान हलवतील. मग मी शेठचं सांगेन. मग भुवनेश्वरच्या शाळेचं. तोवर दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि शेवटी नावांची गोष्ट मी इतकी हळू सांगेन की कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे मी करीन. मला ओळखते मी.

म्हणून इथं आधी लिहून टाकते, तुझ्या हातात असावं म्हणून. शेड कोणी मागितली नव्हती, मी देऊ केली. चावी माझ्याकडे होती, मी दिली नाही. नावं कोणी काढून घेतली नाहीत, मी सांगितली, आणि पहिलं तुझं सांगितलं.

रविवारी यातलं एकही मी गाळलं किंवा आडवळणाला लागले, तर बसून राहू नको. सगळ्यांसमोर उभी राहा आणि म्हण, चंचल, नीट सांग.

चंचल